घर कोणी पाहायचं? आटकूरच्या शिळेपासून अणशीच्या ओसरीपर्यंत

मुलगी देण्याआधी स्थळ पाहायची आपल्याकडे जुनी रीत. घर कसं आहे, माणसं कशी आहेत, पाण्याची सोय आहे का, सासू बोलायला कशी आहे, हे सगळं कोणीतरी जाऊन बघून यायचं. आता कुत्र्याचं पिल्लू द्यायच्या आधीही स्थळ पाहतात. मुंबई, पुणे, गोवा, बेळगाव, कुठेही रस्त्यावरून वाचवलेलं पिल्लू दत्तक घ्यायचं म्हटलं की आधी अर्ज येतो, मग फोन, मग घर पाहायला माणूस. ऐकणारे हसतात. म्हणतात, "कुत्र्यासाठी एवढं?"

मंडळाच्या एका बैठकीत हा विषय निघाला तेव्हा इतिहासात याचं काय काम, असा प्रश्न आला. काम आहे. कुत्रा कोणाचा, त्याच्याबद्दल जबाब कोणी द्यायचा आणि हे ठरवायचा अधिकार कोणाकडे, हे तीन प्रश्न आपल्या मुलखात हजार वर्षं विचारले जात आहेत. उत्तरं मात्र प्रत्येक काळात वेगळी मिळाली. ती ओळीने मांडली तर आजचा अर्ज कुठून आला ते समजतं. तो अणशीत का अडखळतो, तेही समजतं.

सुरुवात शिलालेखापासून करू. मंड्या जिल्ह्यात मद्दूर तालुक्यात आटकूर नावाचं गाव आहे. तिथली शके ८७२ ची, म्हणजे इसवी सन ९४९-५० ची शिळा आज बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा बूतुग यांनी तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला, त्या लढाईची ती महत्त्वाची साक्ष. म्हणून राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत तिचं नाव येतं. पण शिळा उभी केली ती एका कुत्र्यासाठी. लढाईत मणलेर नावाच्या वीराने पराक्रम केला. धनी प्रसन्न झाला, माग म्हणाला. मणलेराने काळि नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे त्या कुत्र्याने एका मोठ्या रानडुकराशी झुंज घेतली आणि दोघेही मेले. मणलेराने देवळासमोर शिळा उभारली, तिच्या पूजेसाठी जमीन लावून दिली आणि अट घातली की पुजारी पूजा चुकवून जेवला तर त्याला पाप लागेल. (आपल्या काळी नदीशी या नावाचा काही संबंध नाही, उगाच जोडू नये.)

या लेखात मला रस आहे तो देण्याघेण्याच्या रीतीत. कुत्रा मागितला, योग्यता पाहून दिला आणि घेणाऱ्याने त्याच्या मरणानंतरचीही जबाबदारी लेखी घेतली. इथे घेणाऱ्याचं घर पाहायला कोणी गेलं नाही, कारण रणांगणावर माणूस पाहून झाला होता.

मराठी मुलखात अशीच आठवण साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे. छत्रपती शाहूंच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी तिथे दाखवतात. त्याने शिकारीत महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्याला मान मिळाला, अशी परंपरा सांगते. जेजुरीच्या खंडोबाजवळ कुत्रा, दत्ताच्या पायाशी चार कुत्री. थोडक्यात, मानाचा कुत्रा आणि गावचा कुत्रा असे दोनच प्रकार आपल्याला माहीत होते. गावच्या कुत्र्याला एक मालक नसायचा, पण चार घरची भाकरी असायची. "बेवारशी" हा शब्द त्याला लागत नव्हता.

तो शब्द शहराने आणला. मुंबईत कंपनी सरकारने १८१३ च्या सुमारास नियम करून उन्हाळ्याच्या ठराविक दिवसांत मोकाट कुत्री मारायची मुभा दिली. पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती खरी होती. त्या काळात चावा लागला आणि रोग झाला की उपाय नव्हता. पण १८३२ साली ही मुदत पावसाच्या तोंडापर्यंत वाढवली आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलं. कामाचे पैसे नगावर ठरवले की माणूस नग वाढवतो, हे कोणताही साइट सुपरवायझर सांगेल. कुत्री धरणारे लोक आवारात शिरू लागले, घरांजवळची, माणसांच्या सवयीची कुत्रीही मारू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान आहे. मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा 'सगदीद' हा त्यांच्या अंत्यविधीचा भाग. ६ जून १८३२ ला, पारशांच्या सणाच्या दिवशी, जमाव चिडला आणि दंगल झाली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला, कुलाब्याच्या छावणीकडे जाणारा शिधा अडवला गेला. हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही या बंदमध्ये होते. नंतर जमशेटजी जीजीभॉय आणि इतर प्रतिष्ठितांनी अर्जविनंत्या करून प्रकरण शांत केलं.

या दंगलीकडे इतिहासकार कंपनी आणि शेटमंडळी यांच्यातल्या सत्तेचा प्रसंग म्हणून पाहतात, ते बरोबरच आहे. मला मात्र तिच्या मुळाशी एक साधा व्यवहारी प्रश्न दिसतो. घराच्या पायरीवर बसलेला, गळ्यात पट्टा नसलेला कुत्रा त्या घराचा की रस्त्याचा? सरकार म्हणालं रस्त्याचा, घर म्हणालं आमचा.

दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. व्यापाऱ्यांनी मालावर लागा बसवून तिचा खर्च चालवला. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था मुंबईत निघाली, आणि पुढच्या दशकात सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नीच्या नावाचं बाई साकरबाई पशुरुग्णालय सुरू झालं. ही मोठी कामं होती. पण पांजरापोळीचं तत्त्व असं, की आत आलेलं जनावर मरेपर्यंत सांभाळायचं. बाहेर कोणाला द्यायचंच नाही, तर घर कोणाचं पाहणार? तिकडे लंडनमध्ये मेरी टील्बी या बाईंनी १८६० मध्ये हरवलेल्या, उपाशी कुत्र्यांसाठी घर उघडलं. तेच पुढे बॅटरसीला गेलं. तिथे नाव 'तात्पुरतं घर' असं होतं. कुत्रा थोडे दिवस राहील आणि पुन्हा एखाद्या कुटुंबात जाईल, ही त्यातली कल्पना. आजची दत्तक पद्धत या दुसऱ्या धाग्यातून आली.

मुंबईत कुत्री मारण्याचं सरकारी काम पुढे दीडशे वर्षांहून जास्त चाललं. १९९४ पासून महापालिकेने ते थांबवून नसबंदीचा मार्ग धरला. २००१ मध्ये देशभरासाठी श्वान नसबंदीचे नियम आले. त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांनी मोकाट कुत्र्याला 'सामुदायिक प्राणी' म्हटलं. म्हणजे फिरून गावच्या कुत्र्यापाशीच आलो म्हणायचं!

मारणं थांबलं तेव्हा पिल्लांचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला. संस्था आणि एकेकटे कार्यकर्ते घरं शोधू लागले, आणि अनुभवातून प्रश्नांची यादी तयार होत गेली. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा. घर भाड्याचं असेल तर मालकाची संमती. घरातल्या सगळ्यांना कुत्रा हवा आहे ना? खिडक्यांना जाळी आहे का? गावाला गेलात तर कोण बघणार? लसी द्याल का, वय झाल्यावर नसबंदी कराल का? साखळीला बांधून ठेवणार नाही ना? दुसऱ्या कोणाला परस्पर देणार नाही ना? नंतर अधूनमधून भेट.

यातला एकेक प्रश्न कुठल्यातरी फसलेल्या कुत्र्याने शिकवला आहे. पिल्लू गोंडस असतं तोवर सांभाळायचं आणि सहा महिन्यांनी घाटात सोडून यायचं, मादी पिल्लं विकण्यासाठी ठेवायची, गोदामाच्या दाराशी जन्मभर बांधून घालायचं, हे प्रकार कोणी नवीन सांगायला नकोत. बांधकामाच्या नियमावलीतलं प्रत्येक कलम जसं कुठल्यातरी कोसळलेल्या भिंतीवरून आलेलं असतं, तसंच हे. त्यामुळे अर्जाची टिंगल करणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण आता हाच अर्ज घेऊन अणशीला या.

कारवारहून कद्र्यामार्गे घाट चढून जोयड्याकडे जाताना लागणारं हे गाव. १९८७ मध्ये त्याच्या नावाचं राष्ट्रीय उद्यान झालं, २००७ मध्ये अणशी-दांडेली व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ मध्ये त्याला काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव मिळालं. वस्ती विखुरलेली, कुणबी आणि गवळी घरं, भोवती जंगल. इथल्या कुत्र्याला पट्टा नाही, घराला जाळी नाही. बऱ्याच घरांना कुंपण म्हणजे काट्याकुट्यांचं. शहरातल्या यादीप्रमाणे यातलं एकही घर पास होणार नाही. आणि तरी, ज्या घरात कुत्रा रानडुकरांवर राखण करतो, माणसांबरोबर शेतावर जातो, ओसरीवर निजतो, त्या घराला नापास कोणत्या तोंडाने करायचं? १८३२ चीच चूक होईल: पट्टा नाही म्हणून मालक नाही.

उलट बाजूही आहे. याच भागातली होमस्टे शहरी यादीत पहिल्या नंबराने पास होतात. मोकळी जागा, स्वच्छ हवा, माणसांची वर्दळ. फोटो पाहून कोणीही भुलेल. पण बांधकामात आम्ही भारचाचणी घेतो. रिकामा स्लॅब सगळेच सुंदर दिसतात, वजन ठेवल्यावर कळतं. इथला भार म्हणजे पावसाळा. धो धो पाऊस, पर्यटक बंद, कामाची माणसं गावी गेलेली. त्या तीन-चार महिन्यांत त्या कुत्र्याला भाकरी कोण घालतं, हे विचारल्याशिवाय ते घर पाहिलं असं म्हणता येणार नाही. खायला नाही मिळालं की कुत्रा रानात शिरतो.

आणि रानात त्याचा चुलत भाऊ आहे. कोळसुंदा, कन्नडमध्ये सीळुनायि. कारवार जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, आणि इंग्रजी अमदानीत या रानकुत्र्याला उपद्रवी ठरवून मारणाऱ्याला इनाम मिळायचं. शहरातल्या कुत्र्याच्या डोक्यावर आठ आणे, रानातल्यावरही बक्षीस. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर रानकुत्र्याला संरक्षण मिळालं. आज त्याला धोका बंदुकीपेक्षा रोगाचा जास्त आहे. डिस्टेंपर आणि पार्व्हो हे पाळीव कुत्र्यांचे रोग रानातल्या प्राण्यांत जातात. २०१८ च्या पावसाळ्याअखेरीस गीरच्या दलखाणिया भागात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा तपासात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. म्हणजे अणशीत दिलेलं लस नसलेलं एक पिल्लू हा एका घराचा खाजगी मामला राहत नाही.

शेजारच्या गोव्याने या बाबतीत काय होऊ शकतं ते दाखवलं आहे. २०१४ पासून तिथे दरवर्षी मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांना रेबीजची लस दिली गेली, शाळाशाळांतून माहिती दिली गेली, आणि काही वर्षांत माणसांमधले रेबीजचे मृत्यू शून्यावर आले. पोटात चौदा इंजेक्शनं ही ज्यांच्या घरातली आठवण आहे, त्यांना या शून्याची किंमत सांगायला नको. तिथे आधी कोणाच्या घराची जाळी मोजली नाही. कुत्रा जिथे होता तिथे जाऊन लस दिली.

म्हणून माझं म्हणणं असं. घर पाहणं हवंच, पण यादी मुलखाप्रमाणे बदलायला हवी. जोयडा तालुक्यासाठी मी पाच प्रश्न ठेवीन. रेबीज आणि डिस्टेंपरची लस कोण, कधी, कुठे देणार? रात्री कुत्रा कुठे निजणार, कारण बिबट्या ओसरीपर्यंत येतो? पावसाळ्यात त्याचं कोण बघणार? तो एकटा रानात जाऊ नये म्हणून काय करणार? नसबंदीसाठी त्याला गाडीत घालून तालुक्याला किंवा कारवारला नेणारं घरात कोण आहे? यातल्या एकाही प्रश्नाला जाळी, सोफा किंवा पगाराचा दाखला लागत नाही. कुणब्याचं घरही पास होऊ शकतं आणि बंगलाही नापास.

हे आता निव्वळ हौसेचं राहिलेलं नाही. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्राणिप्रेमी रस्त्यावरची कुत्री दत्तक घेण्यासाठी पालिकेकडे अर्ज करू शकतात, आणि घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. शहरात जागा कमी पडली की लोक खेड्याकडे, फार्महाऊसकडे, होमस्टेकडे बघणार. आपला तालुका त्या वाटेवर आहे. ज्यांना इथला पाऊस आणि इथलं रान माहीत आहे त्यांनी यादी केली नाही, तर शहरातली यादी तशीच इथे येईल.

मंडळाच्या सभासदांना एक विनंती. आपण वाड्या-वस्त्यांवर जुन्या माणसांच्या आठवणी टिपतो, तेव्हा शेती, देवराई, सुपे धरणाने उठवलेली गावं हे सगळं विचारतो. यापुढे एक प्रश्न वाढवा: तुमच्या घरी कुत्रा कुठून आला, कोणी दिला, देताना काय सांगितलं? पिल्लू देताना घरोघरी काहीतरी अट घातली जातेच. आटकूरची अट दगडावर कोरली म्हणून उरली, इथल्या अटी कोणी लिहून घेतलेल्या नाहीत. त्या गोळा झाल्या तर पाच प्रश्नांची माझी यादी बाजूला ठेवून गावाचीच यादी वापरता येईल.