तापीचें खचलेलें खोरें

महाराष्ट्राचा नकाशा समोर घेतला म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानांत येते. गोदावरी, भीमा, कृष्णा या आपल्या मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. तापी मात्र मध्यप्रदेशांत मुलताईस उगम पावून ७२४ किलोमीटर पश्चिमेस जाते व सुरतेपुढें समुद्रास मिळते. या उलट्या वाटेचें कारण भूगर्भांत आहे.

सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले. पुढें जमिनींतील भेगांच्या रेषेवर एक लांबट पट्टा खालीं खचला व उत्तरेस सातपुडा भिंतीसारखा उभा राहिला. म्हणजे हें खोरें मुख्यत्वें नदीनें कोरलेलें नव्हे. आयत्या खळग्यांत नदी शिरली. चोपडे तालुक्यांतील उनपदेवाचे ऊन झरे त्या भेगांची आजहि साक्ष देतात.

हा खळगा गाळानें भरला, आणि कोठें कोणता गाळ पडला यावर शेतकऱ्याचें नशीब ठरलें. सातपुड्याच्या पायथ्याशीं ओढ्यांनीं गोटे व वाळू आणून टाकली. तींत पावसाचें पाणी सहज झिरपतें. म्हणून रावेर-यावलच्या विहिरी गोड व तेथील केळी प्रसिद्ध. उलट पूर्वेस, अकोला-अमरावतीकडील पूर्णेच्या खोऱ्यांत, चिकण गाळ सांचला. तेथें निचरा होत नाहीं व भूजल खारें. लोक त्या भागास खारपाणपट्टा म्हणतात. विहिरीचें पाणी पिकास दिलें तर जमीनच बिघडते. म्हणून तेथील शेतकरी पावसावर कपाशी व तूर आणि जमिनींतील ओलीवर हरभरा घेत आला.

इतिहासानेंहि भूमीचीच आज्ञा पाळली. बऱ्हाणपुराजवळ सातपुड्यांत जी वाट आहे, तिच्यावर अशीरगड पहारा देतो. १६०१ मध्यें अकबरानें तो घेतला, तेव्हां दक्षिणेचें दार मोगलांस उघडलें. त्याच वाटेनें आगगाडी गेली व १८७० मध्यें मुंबई-जबलपूर मार्ग पुरा झाला. तत्पूर्वीं, १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, खानदेश-वऱ्हाडच्या काळ्या जमिनींतील कापसास विलायतेंत मोठी किंमत आली होती.

आज मात्र केळीच्या पट्ट्यांत पंपांचा उपसा इतका वाढला आहे कीं, विहिरींचें पाणी खोल खोल जात आहे. खारपाणपट्ट्यांतील शेतकऱ्यानें पाणी पारखून पीक निवडलें. गोड पाण्याच्या धन्यासहि तोच विवेक हवा. सातपुड्याचे ओढे पायथ्याशींच अडवून त्या वाळूंत मुरविले, तर विहिरींना पाणी परत मिळेल. भूमीनें दिलेली ही ठेव आहे. व्याजावर भागवावें, मुद्दल मोडूं नये.