‘अप्रीति’चे निर्वचन : कलम १२४-अ आणि मुंबई उच्च न्यायालय, १८९७

लोकमान्य टिळकांवरील १८९७ सालच्या खटल्याचे वर्णन बहुधा राजकीय इतिहासाच्या अंगाने केले जाते. पुण्यातील प्लेग, ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकातील शिवाजी-उत्सवाचा वृत्तान्त व ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता, त्यानंतर आठवडाभरात झालेला रँडचा खून, पंचांचे सहा विरुद्ध तीन असे मत आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु कायद्याचे कलम कसे लिहिले जाते आणि न्यायासनावरून ते कसे वाचले जाते, हे ज्यास पाहावयाचे आहे त्यास या खटल्याचा दुसराच एक भाग अधिक उद्बोधक वाटेल. तो म्हणजे भारतीय दंडसंहितेच्या कलम १२४-अ मधील एका शब्दाविषयी झालेला वाद. मूळ इंग्रजी शब्द ‘डिसअफेक्शन’. मराठीत त्यास ‘अप्रीति’ म्हणता येईल. आणि हे भाषांतर सोयीचेही आहे, कारण दोन्ही भाषांत अडचण एकाच जागी, म्हणजे शब्दाच्या आरंभीच्या नकारात, आहे.

कलमाचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने १८३७ मध्ये तयार केलेल्या मसुद्यात या आशयाचे कलम होते. १८६० मध्ये संहिता संमत झाली तेव्हा ते तीत आले नाही. पुढे १८७० मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळातील विधिसदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी त्या वर्षीच्या २७ व्या अधिनियमाने ते संहितेत घातले. शासनाविषयी अप्रीतीची भावना चेतविणे अथवा तसा प्रयत्न करणे हा गुन्हा ठरला. मात्र अप्रीति म्हणजे काय, याची व्याख्या कलमात केलेली नव्हती. तिच्या जागी एक स्पष्टीकरण जोडले होते. त्याचे तात्पर्य असे की, शासनाच्या उपाययोजनांविषयीची नापसंती जर कायदेशीर सत्तेची आज्ञा पाळण्याच्या आणि ती सत्ता उलथविण्याच्या बेकायदा प्रयत्नांविरुद्ध तिला साहाय्य करण्याच्या मनोवृत्तीशी सुसंगत असेल, तर ती अप्रीति नव्हे.

हे स्पष्टीकरण कोणत्या स्वरूपाचे मानावयाचे, यावर सर्व काही अवलंबून होते. तो मुख्य नियमाला अपवाद आहे असे मानले, तर आधी शब्दाचा अर्थ स्वतंत्रपणे ठरवावयाचा आणि मग त्यातून थोडेसे वगळावयाचे. ती एक प्रकारची व्याख्याच आहे असे मानले, तर शब्दाचा अर्थ स्पष्टीकरणातूनच काढावयाचा. स्टीफन यांच्यासारख्या कसलेल्या मसुदाकाराने हा विकल्प मोकळा ठेवावा, याचे नवल वाटते.

१८९१ मध्ये कलकत्त्यास ‘बंगवासी’ पत्रावरील खटल्यात सरन्यायाधीश पेथरम यांनी पहिला मार्ग धरला. प्रीतीच्या विरुद्ध असलेली भावना, म्हणजे नावड किंवा द्वेष, असा अर्थ त्यांनी पंचांस सांगितला. सप्टेंबर १८९७ मध्ये मुंबईस न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी पेथरम यांचाच आधार घेतला. पण आरंभी एक वाक्य असे घातले की अप्रीति म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव. त्यापुढे त्यांनी द्वेष, वैर, तिरस्कार आणि सर्व प्रकारचा दुर्भाव यांची यादी दिली, आणि भावनेची तीव्रता किती किंवा तिच्यातून दंगा उद्भवला की नाही हे गुन्हा ठरविताना अप्रस्तुत आहे असेही सांगितले. स्पष्टीकरणाचे संरक्षण त्यांच्या मते शासनाच्या विशिष्ट उपाययोजनांवरील टीकेपुरते होते; खुद्द शासनाविषयी दुर्भाव उत्पन्न करणाऱ्यास ते उपलब्ध नव्हते.

आपल्याकडील व्याकरणशास्त्र जाणणाऱ्यास येथील घसरण तत्काळ ध्यानात येईल. नञ् चे सहा अर्थ वैयाकरणांनी सांगितले आहेत. त्यांत अभाव हा एक आणि विरोध हा दुसरा. ‘अमित्र’ म्हणजे मित्र नसलेला कोणीही नव्हे, तर शत्रू. पेथरम यांचा अर्थ विरोधाचा होता, स्ट्रेची यांचे पहिले वाक्य अभावाचे. आणि दोन्ही एकच असल्यासारखी पंचांपुढे मांडली गेली. परकीय सत्तेविषयी प्रीति नसणे ही तर साऱ्या प्रजेची स्वाभाविक स्थिती. अभाव हाच जर निकष, तर लेखकाने गुन्हा कोणता केला हे सांगणे कठीण. प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याच्या परवानगीसाठी अर्ज झाला तेव्हा पूर्णपीठाने हे अंशतः मान्य केले. ते वाक्य एकटे असते तर पंचांची दिशाभूल झाली असती. परंतु संदर्भासह वाचता तशी झाली असणे शक्य नाही, असे सांगून परवानगी नाकारण्यात आली. नोव्हेंबरमध्ये लंडनला अॅस्क्विथ यांनी टिळकांची बाजू मांडली. तेथेही अर्ज फेटाळला गेला.

पंचांपुढील मराठी मजकूर इंग्रजी भाषांतरातून आला होता, हेही विसरून चालणार नाही.

त्याच वर्षी, त्या वेळी सातारा जिल्ह्यात असलेल्या इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ पत्राचे प्रकरण फॅरन, पार्सन्स व रानडे यांच्या पूर्णपीठापुढे आले. अभ्यासकांनी टिळक खटल्याच्या शेजारी ठेवून वाचावा असा हा निकाल आहे. पार्सन्स यांनी अप्रीतीचा अर्थ राजकीय दुरावा असा केला, आणि तोही आज्ञा न पाळण्याकडे, शासनाचा प्रतिकार करण्याकडे व ते उलथविण्याकडे कल असलेला. हे शब्द कोठून आले? स्पष्टीकरणातूनच, फक्त उलटे करून. रानडे यांनीही अप्रीति हा प्रीतीचा निव्वळ अभाव नव्हे, तर द्रोहाच्या जवळची, सत्तेस जुमानीत नसलेली अशी भावात्मक वृत्ती होय, असे लिहिले. ज्या रानड्यांशी टिळकांचे दोनच वर्षांपूर्वी पुण्यात सामाजिक परिषदेवरून उघड भांडण झाले होते, त्यांच्याच लेखणीतून टिळकांवर लावलेल्या अर्थाचे खंडन झाले. तथापि या निकालाची थोरवी वाजवीपेक्षा अधिक मानू नये. इतका संकुचित अर्थ स्वीकारूनही ‘प्रतोद’च्या आरोपींची दोषसिद्धी पीठाने कायमच केली, कमी झाली ती शिक्षा. फरक पडला तो आरोपीपेक्षा पुढच्या लेखकाला. कोणती रेषा ओलांडू नये हे रानडे-पार्सन्स यांच्या अर्थावरून संपादकास आधी कळू शकत होते. स्ट्रेची यांच्या अर्थावरून ते निकालानंतरच कळले असते.

सरकारने हा वाद न्यायालयांवर सोपविला नाही. १८९८ च्या ४ थ्या अधिनियमाने कलम नव्याने लिहिले गेले. द्वेष व तुच्छता यांची भर पडली, अप्रीतीत द्रोह आणि वैराच्या सर्व भावनांचा समावेश होतो असे नमूद झाले, आणि आज्ञापालनाच्या मनोवृत्तीचा निकष असलेले जुने स्पष्टीकरण काढून टाकण्यात आले. पार्सन्स यांच्या युक्तिवादाचा आधारच अशा रीतीने नाहीसा झाला. १९०८ चा टिळकांवरील दुसरा खटला या नव्या शब्दांखाली चालला. त्या वेळचे न्यायाधीश दावर हे १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते, हा केवळ योगायोग.

पुढे तोच प्रश्न परत परत उठला. १९४२ मध्ये फेडरल कोर्टाने सार्वजनिक अशांततेची प्रवृत्ती आवश्यक मानली; १९४७ मध्ये मुंबईहून गेलेल्या भालेराव प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ते नाकारून १८९७ च्या टिळक निकालाचा आधार घेतला; १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्यात संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाशी मेळ घालण्यासाठी पुन्हा संकुचित अर्थ पत्करला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १५२ व्या कलमात ‘अप्रीति’ हा शब्द नाही. शासनाच्या उपाययोजनांविषयीच्या नापसंतीचे स्पष्टीकरण मात्र आहे.