शालेय शिक्षणाची पूर्तता कशी ठरते? : जिनिव्हाचे आंतरराष्ट्रीय विद्यालय आणि बॅकलोरिएट पदविकेची जडणघडण

प्रस्तावना :

शालान्त प्रमाणपत्र हा वरकरणी साधा कागद असला, तरी त्याच्या पाठीशी राज्यसंस्थेचे अधिष्ठान असते. विद्यार्थ्याने काय शिकावे, किती शिकावे आणि कोणत्या टप्प्यावर त्याचे शालेय शिक्षण पूर्ण झाले असे मानावे, हे प्रत्येक राष्ट्र आपल्या परंपरेनुसार ठरवीत आले आहे. फ्रान्समध्ये १८०८ मध्ये नेपोलियनच्या राजवटीत बॅकलोरिए परीक्षेची घडी बसविण्यात आली. इंग्लंडमध्ये १९५१ पासून मोजक्या विषयांच्या सखोल अध्ययनावर आधारलेली 'ए-लेव्हल' परीक्षा रूढ झाली. एकाच छताखाली अनेक राष्ट्रांची मुले शिकत असतील, तर त्यांचे शिक्षण पूर्ण झाल्याचे कोणी ठरवावे, हा प्रश्न विसाव्या शतकात प्रथम जिनिव्हा येथे तीव्रतेने पुढे आला. या प्रश्नातून आंतरराष्ट्रीय बॅकलोरिएट पदविका कशी आकारास आली आणि तिच्या अटींमागे कोणता विचार होता, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विद्यालयाची स्थापना :

पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये राष्ट्रसंघाची स्थापना झाली आणि जिनिव्हा हे त्याचे मुख्यालय ठरले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनाही याच शहरात आली. या संस्थांत काम करणाऱ्या विविध देशांच्या अधिकाऱ्यांची मुले कोठे शिकणार, ही व्यावहारिक अडचण होती. आर्थर स्वीटसर हे अमेरिकन व लुडविक राइखमन हे पोलिश अधिकारी यांच्या पुढाकाराने आणि स्विस शिक्षणतज्ज्ञ अडोल्फ फेरिएर यांच्या साहाय्याने १९२४ मध्ये जिनिव्हाचे आंतरराष्ट्रीय विद्यालय सुरू झाले. 'इकोलिंट' या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. आरंभी पटावर अवघी आठ मुले होती.

१९२९ ते १९४९ या काळात मारी-तेरेझ मोरेत या विद्यालयाच्या संचालिका होत्या. इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांतून शिक्षण, तसेच इतिहास व भूगोल यांची राष्ट्राऐवजी जगाच्या दृष्टिकोनातून मांडणी, ही त्यांच्या प्रयोगाची मुख्य अंगे होत. शांततेसाठी शिक्षणाची काही निश्चित तंत्रे असू शकतात काय, या प्रश्नावर त्यांनी युनेस्कोसाठी १९४८ मध्ये एक निबंध लिहिला. आंतरराष्ट्रीय शिक्षणाच्या इतिहासात तो महत्त्वाचा दस्तऐवज मानला जातो.

अंतिम वर्षांतील विसंगती :

मोरेत यांच्या प्रयोगाला एक मर्यादा होती आणि ती विद्यालयाच्या हाताबाहेरची होती. खालच्या वर्गांत एकत्र शिकणारी मुले वरच्या वर्गांत पोहोचली की त्यांची राष्ट्रनिहाय फाळणी होत असे. फ्रेंच विद्यापीठात जाऊ इच्छिणारा बॅकलोरिएची, इंग्लंडला जाणारा ए-लेव्हलची, स्विस विद्यार्थी 'मातुरिते'ची आणि अमेरिकेला जाणारा कॉलेज बोर्डाच्या परीक्षेची तयारी करी. जे विद्यालय राष्ट्राराष्ट्रांतील भिंती ओलांडण्यासाठी निघाले होते, त्यालाच शेवटच्या दोन वर्षांत त्या भिंती आपल्या वर्गांत पुन्हा उभाराव्या लागत. लहान विद्यालयाला इतक्या तुकड्या चालविणे आर्थिकदृष्ट्याही जड जाई. पुढील पदविकेची निर्मिती आदर्शवाद व गरज या दोन्हींच्या संयोगातून झाली, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

अमेरिकन पद्धतीत आणखी एक निराळे माप होते. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर्सचा निधी दिला. या निधीचा लाभ घेऊ पाहणाऱ्या महाविद्यालयांनी प्रवेशासाठी माध्यमिक शिक्षणाची १४ एकके आवश्यक मानावीत, अशी अट कार्नेगी प्रतिष्ठानने घातली. एका विषयाचे वर्षभरातील सुमारे १२० तासांचे अध्यापन म्हणजे एक एकक. पुढे अमेरिकेतील बहुतेक माध्यमिक शाळांचे पदवीदान याच 'कार्नेगी एकका'वर बेतले गेले. प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनाच्या सोयीसाठी आलेले माप शालेय शिक्षणाच्या पूर्ततेचे माप ठरले, ही शैक्षणिक इतिहासातील मोठी गमतीची, पण दूरगामी घटना होय.

इतिहास विषयापासून आरंभ :

१९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्यालयांची संघटना स्थापन झाली. १९६२ मध्ये जिनिव्हा येथे सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांची परिषद भरली. इकोलिंटमध्ये इतिहास शिकविणारे रॉबर्ट लीच हे या हालचालींतील प्रमुख व्यक्ती होत. समाईक अभ्यासक्रम व समाईक परीक्षा यांची कल्पना या परिषदेतून पुढे आली आणि समकालीन इतिहास या विषयाचा अभ्यासक्रम प्रथम हाती घेण्यात आला.

पहिला मान इतिहासाकडे जावा, हे अर्थपूर्ण आहे. गणित वा भौतिकशास्त्र यांची सूत्रे पॅरिसमध्ये व लंडनमध्ये सारखीच असतात. परंतु एकाच युद्धाची कारणे दोन देशांच्या पाठ्यपुस्तकांत दोन प्रकारे सांगितलेली असतात. शत्रुराष्ट्रांची मुले एका बाकावर बसून विसाव्या शतकाचा इतिहास शिकू शकली आणि त्यांची उत्तरे एकाच निकषाने तपासता आली, तर अन्य विषयांत हे साधणे सोपे होते. त्या अर्थाने इतिहास हा या योजनेचा कसोटीचा दगड होता.

पदविकेच्या अटींची मांडणी :

१९६० च्या दशकाच्या मध्यास या कामाला संस्थात्मक रूप आले. १९६६ मध्ये फोर्ड प्रतिष्ठानने तीन लाख डॉलर्सचे अनुदान दिले. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या शिक्षण विभागाचे संचालक अलेक पीटरसन यांच्याकडे योजनेची सूत्रे आली. १९६७ मध्ये फ्रान्समधील सेव्र येथे झालेल्या परिषदेत अभ्यासक्रमाचा आराखडा मुक्रर झाला. १९६८ मध्ये स्विस कायद्यानुसार आंतरराष्ट्रीय बॅकलोरिएट संघटना स्थापन होऊन पीटरसन तिचे पहिले महासंचालक झाले. १९७० मध्ये अधिकृत परीक्षांना प्रारंभ झाला आणि पुढील सहा वर्षे हा प्रयोगाचा काळ मानण्यात आला.

पीटरसन हे इंग्लंडमधील अकाली विशेषीकरणाचे टीकाकार होते. सोळाव्या वर्षीच विज्ञान किंवा मानव्यविद्या यांपैकी एकीला कायमचा रामराम ठोकणे त्यांना घातक वाटे. दुसऱ्या बाजूला, फ्रेंच पद्धतीतील ज्ञानकोशी विस्तारही त्यांना मान्य नव्हता. यातून सहा विषयांचा मध्यममार्ग निघाला. स्वभाषा व तिचे साहित्य, दुसरी भाषा, मानव्यविद्या, प्रायोगिक विज्ञान, गणित आणि ऐच्छिक सहावा विषय, अशी ही रचना होती. विषय उच्च व साधारण अशा दोन स्तरांत विभागले गेले. इंग्रजी परंपरेची खोली उच्च स्तराने राखली, तर युरोपीय परंपरेची व्याप्ती सहा विषयांच्या सक्तीने राखली. ज्ञानमीमांसा हा स्वतंत्र घटक सर्व विषयांना जोडणारा दुवा म्हणून ठेवण्यात आला. सर्जनशील उपक्रम व समाजसेवा यांनाही स्थान मिळाले.

आज प्रचलित असलेल्या नियमांत हा आराखडा ओळखू येतो. प्रत्येक विषयाला १ ते ७ गुण, म्हणजे सहा विषयांचे ४२. ज्ञानमीमांसा व ४,००० शब्दमर्यादेचा विस्तृत निबंध यांचे मिळून ३. असे एकूण ४५ गुण होतात. पदविकेसाठी किमान २४ गुण व काही अन्य अटींची पूर्तता आवश्यक असते. उच्च स्तरासाठी २४० व साधारण स्तरासाठी १५० तासांचे अध्यापन अपेक्षित आहे. म्हणजे तासांचे माप येथेही पूर्णतः टाळता आलेले नाही. मात्र केवळ तास भरले म्हणून पदविका मिळत नाही. सर्जनशीलता, कृती व सेवा या घटकास तर एकही गुण नाही, तरीही तो पूर्ण केल्याशिवाय पदविका दिली जात नाही.

मान्यता, विस्तार आणि मर्यादा :

पदविकेचे खरे मोल विद्यापीठांच्या मान्यतेवर अवलंबून होते. त्यामुळे आरंभीची वर्षे निरनिराळ्या देशांची मंत्रालये व विद्यापीठे यांच्याशी वाटाघाटी करण्यात गेली. १९७१ मध्ये वेल्समधील अटलांटिक कॉलेजने राष्ट्रीय परीक्षा सोडून केवळ ही पदविका स्वीकारली. भारतात १९७६ मध्ये कोडाईकनाल येथील विद्यालयाने तिचा प्रथम अंगीकार केला. महाराष्ट्रात पुण्याजवळ मुळशी परिसरात १९९७ मध्ये स्थापन झालेले महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज अटलांटिक कॉलेजच्याच परंपरेतील होय.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. सुरुवातीच्या परीक्षा इंग्रजी व फ्रेंच या दोन भाषांतच होत्या. ज्या परंपरांत तडजोड साधली गेली, त्या प्रामुख्याने पश्चिम युरोप व अमेरिका येथील होत्या. आशिया व आफ्रिकेतील ज्ञानपरंपरांना आराखडा ठरविताना फारसे स्थान नव्हते. शिवाय, भारतासारख्या देशात ही पदविका मुख्यतः भारी शुल्क आकारणाऱ्या विद्यालयांपुरती राहिली. राष्ट्राच्या सीमा ओलांडणाऱ्या प्रमाणपत्राला वर्गाच्या सीमा ओलांडणे अवघड गेले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

समारोप :

शिक्षणाच्या पूर्ततेची दोन मापे या इतिहासातून समोर येतात. एक, वर्गात घालविलेल्या वेळेचे; दुसरे, त्या काळात विद्यार्थ्याला काय करता येऊ लागले याचे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातील महाविद्यालयांनी स्वीकारलेल्या रचनेत एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन, हे सूत्र आहे. त्याचे नाते शंभर वर्षांपूर्वीच्या कार्नेगी एककाशी सहज जुळते. क्षेत्र प्रकल्प व समुदाय सहभाग यांनाही आता श्रेयांक आहेत. सेवा गुणांत मोजावी की तिला गुणांपलीकडची अनिवार्य अट मानावी, या प्रश्नाचे जिनिव्हाने दिलेले उत्तर वेगळे होते. मोजले जाते तेच गांभीर्याने केले जाते, हा अनुभव प्राध्यापकवर्गाला अपरिचित नाही. पण गुणांसाठी केलेली सेवा गुण मिळताच थांबते, हाही अनुभव तितकाच जुना आहे. श्रेयांकांची बेरीज पूर्ण झाली म्हणजे शिक्षण पूर्ण झाले काय, हा प्रश्न अभ्यास मंडळांनी आराखडे तयार करतानाच विचारला पाहिजे. इकोलिंटच्या शिक्षकांनी तो आपल्या वर्गातील अडचणीतून विचारला आणि त्याचे उत्तर शोधण्याचा आरंभही आपल्याच विषयापासून केला. अभ्यासक्रमाची अट वरूनच यावी लागते, ही समजूत या इतिहासाने खोटी ठरविली आहे.