कुलूप दुरुस्त झालं, चावी तीच राहिली

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा इअरफोन आज घरी राहिलाय, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिखित स्वरूपात.

आजची गोष्ट आहे कोडच्या दोन ओळींची. २००६ मध्ये एका सॉफ्टवेअरमधल्या दोन ओळी बंद केल्या गेल्या. कुणी हॅकरने नाही, सॉफ्टवेअर नीट करायला बसलेल्या माणसाने. त्यानंतर जवळपास वीस महिने जगभरातले असंख्य लिनक्स संगणक अशा चाव्या बनवत राहिले, ज्या कुणालाही घरबसल्या आधीच बनवून ठेवता आल्या असत्या. आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही फोनवाले, लिनक्सशी आमचा काय संबंध? तर अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे. त्यामुळे ही गोष्ट तुमच्या खिशापर्यंत येते. आणि तुमच्या डेटा पॅकपर्यंतसुद्धा. कशी, ते बघू.

चावी म्हणजे नक्की काय?

तुम्ही दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करता, बँकेची साइट उघडता, तेव्हा मधली सगळी बोलणी कुलूपबंद असतात. त्या कुलपाची चावी म्हणजे एक भलामोठा आकडा. कुलपाची रचना सगळ्या जगाला माहीत असते, पुस्तकात छापलेली असते. त्यात लपवण्यासारखं काही नाही. सगळी सुरक्षितता एकाच गोष्टीवर उभी असते: तुमचा आकडा दुसऱ्या कुणाला ओळखता येऊ नये.

म्हणून संगणक हा आकडा यादृच्छिक, म्हणजे रँडम पद्धतीने निवडतो. पण संगणक हे मुळात आज्ञाधारक यंत्र. सांगितलं तेवढंच करणार. त्याला मनातून आकडा सुचत नाही. म्हणून तो इकडून तिकडून अनिश्चितता गोळा करतो: कळ कधी दाबली, डिस्कने उत्तर द्यायला किती वेळ घेतला, असं बरंच काही. हे सगळं एका भांड्यात टाकून ढवळायचं आणि त्यातून आकडा काढायचा. भांड्यात जितकी सरमिसळ जास्त, तितका आकडा ओळखणं अवघड.

२००६: दोन ओळी गायब

हे ढवळण्याचं काम लिनक्सवर ओपनएसएसएल नावाचं सॉफ्टवेअर करायचं, आजही करतं. डेबियन ही लिनक्सची एक मोठी आणि जुनी आवृत्ती. उबंटू तिच्यावरच बेतलेली आहे.

डेबियनमध्ये ओपनएसएसएल सांभाळणाऱ्या विकसकाकडे एक तक्रार आली. व्हॅलग्राइंड नावाचं एक साधन आहे, ते प्रोग्रॅममधल्या मेमरीच्या चुका शोधतं. ते सारखं ओरडत होतं की, या दोन ओळींमध्ये आधी काहीही न भरलेली मेमरी वापरली जातेय. साधारण प्रोग्रॅममध्ये ही खरोखरच चूक असते. विकसकाने ओपनएसएसएलच्या लोकांना विचारलंसुद्धा, की या ओळी काढल्या तर चालेल का? ठाम विरोध कुणी केला नाही. मग त्या ओळी बंद झाल्या. १७ सप्टेंबर २००६ ला तो बदल डेबियनमध्ये गेला.

त्यातली एक ओळ गेल्याने फारसं बिघडलं नसतं. दुसरी ओळ मात्र गोळा केलेली सगळी अनिश्चितता भांड्यात टाकणारी होती. ती गेली आणि भांडं रिकामं झालं. उरलं काय, तर फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला लिनक्स देतो तो क्रमांक. आणि हा क्रमांक त्या काळी साधारणपणे १ ते ३२,७६७ यांमध्येच असायचा.

विचार करा. एका शहरात कोट्यवधी घरं आहेत. प्रत्येकाने महागातलं कुलूप घेतलंय. पण शहरातला एकमेव कुलूपवाला ३२,७६७ प्रकारच्याच चाव्या बनवतो. चोराला कुलूप फोडायची गरजच नाही. त्याने चाव्यांचा जुडगा एकदा करून घेतला की झालं. आणि तुमची चावी तुमच्या हातात तितकीच जड, तितकीच चकचकीत. ती बघून तुम्हाला काहीही कळणार नाही.

१३ मे २००८

लुसियानो बेलो या डेबियनच्याच विकसकाच्या हे लक्षात आलं आणि १३ मे २००८ ला डेबियनने जाहीर केलं. सोबत दुरुस्त केलेली आवृत्तीही दिली. लवकरच काही संशोधकांनी या कच्च्या चाव्यांचे संपूर्ण संच तयार करून दाखवले. प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरसाठी आणि चावीच्या प्रत्येक लांबीसाठी वेगळा संच, एवढाच काय तो फरक.

फटका कुणाला बसला? एसएसएचच्या चाव्यांना, ओपनव्हीपीएनच्या चाव्यांना, वेबसाइटच्या प्रमाणपत्रांना. डीएसए प्रकारच्या चावीची तर आणखी पंचाईत. तिला प्रत्येक सहीच्या वेळी नवा रँडम आकडा लागतो. त्यामुळे चावी दुसरीकडे चांगल्या संगणकावर बनवलेली असली, तरी बिघडलेल्या संगणकावर तिने एकदा सही केली की ती उघडी पडली असंच धरायचं.

एक गोष्ट मात्र वाचली. जीएनयूपीजी या दुसऱ्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या चाव्यांना धक्का लागला नाही. डेबियन आणि उबंटूची अपडेट खरी की खोटी, हे त्याच सह्यांवरून तपासलं जातं. म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं सील शाबूत होतं. प्रश्न होता, औषध घरापर्यंत पोचणार कसं?

१० केबीला १० पैसे

आता आपल्याकडे या. मे २००८ मध्ये भारतात थ्रीजी अजून यायचं होतं. फोनवर नेट म्हणजे जीपीआरएस. पॅक न मारता नेट वापरलं की १० केबीला १० पैसे, हा दर तुमच्या मोठ्या भावंडांना नक्की आठवत असेल. हिशोब करा: १ एमबीला साधारण १० रुपये. त्या दराने ७०० एमबीची एक सीडी उतरवायची तर सात हजारांच्या वर खर्च! साहजिकच लिनक्स आपल्याकडे यायचं ते सीडीवरून. ‘लिनक्स फॉर यू’ मासिकासोबत सीडी यायची. उबंटूवाले ‘शिपइट’ योजनेत जगभर फुकट सीडी पाठवायचे, टपालखर्चही तेच भरायचे. एक सीडी आली की अख्ख्या हॉस्टेलमध्ये फिरायची.

त्या सीडींनी खूप चांगलं काम केलं, मी ते नाकारत नाही. पण सीडी एकदा छापली की ती बदलत नाही. उबंटू ७.०४, ७.१० आणि अगदी एप्रिल २००८ मध्ये आलेली ८.०४, या तिन्ही आवृत्त्यांमध्ये तो दोष होता. ८.०४ येऊन तीन आठवडेही झाले नव्हते तोवर दोष जाहीर झाला. दुरुस्ती इंटरनेटवर होती, सीडी कपाटात होती. ज्याच्याकडे ब्रॉडबँड, त्याला दुरुस्ती त्याच दिवशी. ज्याच्याकडे १० केबीला १० पैसे, तो म्हणणार, बघू नंतर. सॉफ्टवेअर फुकट होतं, दुरुस्तीही फुकट होती. फक्त ती आणण्याचं भाडं सगळ्यांना परवडणारं नव्हतं.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. ट्रायच्या आकड्यांनुसार १ जीबी डेटाचा सरासरी खर्च २०१४ मध्ये २६९ रुपये होता, तो २०१८ मध्ये ११ रुपये ७८ पैशांवर आला. मग प्रश्न मिटला का?

नाही मिटला. या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग इथून पुढे आहे.

दुरुस्ती आली, चाव्या तशाच

अपडेटने ओपनएसएसएल दुरुस्त झालं. इथून पुढे बनणाऱ्या चाव्या चांगल्या. पण आधी बनलेल्या चाव्यांचं काय? त्या आपोआप बदलत नाहीत. कुलूपवाला सुधारला म्हणून तुमच्या खिशातली जुनी चावी सुधारत नाही. ती टाकून नवी करावी लागते, आणि जिथे जिथे जुनी चावी चालते तिथून ती काढावी लागते. डेबियनने कच्च्या चाव्यांची काळी यादी दिली, तपासायला छोटं साधन दिलं. पण तपासायचं काम माणसाचंच होतं.

माणसांनी काय केलं? अमेरिकेतल्या संशोधकांनी दोष जाहीर झाल्यापासून चौथ्या दिवशी ५० हजारांहून अधिक वेब सर्व्हर रोज तपासायला सुरुवात केली. त्यांत ७५१ सर्व्हरवर कच्ची प्रमाणपत्रं सापडली. जवळपास सहा महिन्यांनंतरही त्यातले ३० टक्के तसेच होते. आणि हे काही १० पैसेवाले नव्हेत बरं का! हे डेटा सेंटरमधले सर्व्हर, चोवीस तास नेटवर.

२०१५ मध्ये एका संशोधकाने गिटहबवरच्या लोकांच्या सार्वजनिक चाव्या तपासल्या. सात वर्षांनंतरही काळ्या यादीतल्या चाव्या वापरात होत्या. गिटहबने त्या रद्द केल्या. २०२४ मध्ये ईमेलच्या सह्यांच्या चाव्या तपासल्या, तर तिथेही शेकडो सापडल्या. दोष जाहीर होऊन सोळा वर्षं झाली होती!

फोनचीही हीच कथा. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडवरच्या काही बिटकॉइन वॉलेटमधून पैसे चोरीला गेले. कारण तेच: अँड्रॉइडच्या ज्या भागाने रँडम आकडे द्यायचे, त्यात पुरेशी अनिश्चितता भरलीच जात नव्हती. गूगलने हे मान्य करून दुरुस्ती दिली. पण वॉलेट वापरणाऱ्यांना सांगितलं गेलं की नुसतं ॲप अपडेट करून भागणार नाही. नवा पत्ता, म्हणजे नवी चावी बनवा आणि पैसे तिकडे हलवा. ज्यांनी फक्त अपडेटचं बटण दाबलं, त्यांचे पैसे जुन्याच चावीमागे राहिले.

तुमच्या हॉटस्पॉटवर आज काय होतंय?

आता तुमच्या रोजच्या १.५ जीबीकडे येऊ. तुमच्यापैकी अनेक जण लॅपटॉपवर उबंटू किंवा डेबियन वापरता आणि नेट घेता फोनच्या हॉटस्पॉटवरून. अँड्रॉइडचा हॉटस्पॉट लॅपटॉपला कळवू शकतो की हे नेट मोजून मिळालेलं आहे. लिनक्स ते ऐकून कनेक्शन ‘मीटर्ड’ धरतं. आणि डेबियन-उबंटूमध्ये सुरक्षा अपडेट आपोआप टाकणारी जी यंत्रणा आहे, अनअटेंडेड-अपग्रेड्स, ती मूळ सेटिंगमध्ये मीटर्ड कनेक्शनवर काम करत नाही. तुमचा डेटा वाचावा म्हणून, चांगल्या हेतूनेच.

पण याचा अर्थ बघा. ज्याच्या घरी वायफाय आहे, त्याचा लॅपटॉप रात्रीत गुपचूप दुरुस्त होतो. जो कायम हॉटस्पॉटवर, त्याला कुणी काही सांगतही नाही आणि त्याची आपोआप येणारी अपडेट महिनोन्‌महिने थांबू शकतात. २००८ मध्ये निदान माहीत होतं की आपण पैसे वाचवतोय. आता तो निर्णय आपल्या नकळत होतो. दिवस संपताना अर्धा जीबी उरून वाया जातो आणि काही एमबींचं सुरक्षा अपडेट रांगेत उभं असतं!

म्हणून आज रात्री दोन कामं करा. मंडळी, खरंच करा.

पहिलं: हॉटस्पॉटवर असाल तर आठवड्यातून एकदा अपडेट स्वतः चालवा. रात्री उरलेला डेटा त्यासाठी वापरा. किंवा नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या कनेक्शनचं ‘मीटर्ड’ काढा. पण मग मोठी अपडेटही आपोआप उतरतील, हे लक्षात ठेवा.

दुसरं: आपल्या एसएसएच चाव्यांचं वय आणि प्रकार बघा. डीएसए असेल तर आजच काढा, नव्या ओपनएसएसएचमधून हा प्रकार हद्दपारच झालाय. कॉलेजच्या सिनियरने कधीतरी बनवून दिलेली, चार लॅपटॉपवर कॉपी होत आलेली चावी असेल, तर तीही काढा. नवी ईडी२५५१९ प्रकारची चावी बनवा, तिला पासफ्रेज द्या. मग गिटहबवरून, सर्व्हरवरून, जिथे जिथे जुनी नोंद असेल तिथून ती पुसा. हे शेवटचं काम कंटाळवाणं आहे, आणि सोळा वर्षं लोकांनी नेमकं तेच टाळलं. नवी चावी करून जुनी चालू ठेवली, तर चोराला दोन्ही दारं सारखीच.

त्या दोन ओळी बंद करणाऱ्या विकसकाला शिव्या देणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्याने विचारलं होतं, बदल सगळ्यांसमोर केला होता, आणि तो सगळ्यांसमोर होता म्हणूनच दुसऱ्या कुणाला तरी तो सापडला. सापडल्यावर डेबियनने लपवाछपवी केली नाही. त्यांनी त्यांचं काम केलं. पुढे डेटा स्वस्त झाला, दुरुस्ती दारापर्यंत आली. तुमची जुनी चावी बदलायला मात्र त्यांच्यापैकी कुणीही येणार नाही.

भाग आवडला तर एखाद्या हॉटस्पॉटवाल्या मित्राला पाठवा. त्याला तो जास्त लागेल. भेटू पुढच्या भागात!