पदराची उलट बाजू

पाडव्याला किंवा भाऊबीजेला घरात साडी येते ती आता पुष्कळदा दुकानातून येत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यातून येते. खोके आणणारा मुलगा दारात उभा राहून एक आकडा विचारतो आणि निघून जातो. घडी उलगडेपर्यंत आत पैठणी आहे की पैठणीचे सोंग, हे घेणारीला ठाऊक नसते. घरातल्या वडीलधाऱ्या बायका यावर मान हलवतात. लुगडे हाताला लागल्याशिवाय, उजेडात धरल्याशिवाय घ्यायचे म्हणजे काय, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. मात्र न पाहता कापड मागवण्याची ही रीत मोबाइलच्या पोटी जन्माला आली, असा जो समज आहे तो इतिहासाला धरून नाही.

कापड हा मुळातच लांबचा प्रवास करणारा माल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अनामिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची टिपणवही लिहिली. तिच्यात आपले पैठण आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आजचे तेर. या दोन्ही पेठांतून गाड्या भरभरून माल अवघड वाटांनी भडोच बंदराला जाई. हल्लीच्या जाहिराती यावरून ‘रोमला जाणारी पैठणी’ असे बिनदिक्कत लिहितात. पण मूळ मजकूर पाहावा तर गंमत दिसते. पेरिप्लसकार पैठणच्या नावावर अकीकाच्या जातीचे पट्टेदार दगड मांडतो, आणि जाडेभरडे कापड व मलमल तगरच्या नावावर. पैठणला त्या काळी माग नव्हते असा याचा अर्थ नव्हे. परंतु आज आपण जिला पैठणी म्हणतो तिचे जन्मपत्र त्या वहीत शोधू नये. ज्या वस्तूला स्वतःचा पुरेसा मोठा इतिहास आहे, तिला उसना इतिहास कशाला?

हा स्वतःचा इतिहास पेशवाईत स्पष्ट दिसू लागतो. थोरल्या माधवराव पेशव्यांनी पैठणहून आसावलीचे दुपट्टे मागवल्याची पत्रे आहेत. लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी असे रंग त्यांत सांगितलेले आहेत. म्हणजे पुण्यात बसून रंग लिहून पाठवायचा, आणि वस्त्र मागाहून यायचे! पेशव्यांनाही ते आधी पाहायला मिळत नव्हते. फरक एवढाच, की माल वाईट निघाला तर कोणाला जाब विचारायचा, हे पुण्यात पक्के ठाऊक होते.

पैठणी खरी कशावरून, हे समजण्यासाठी ती विणतात कशी ते थोडे पाहिले पाहिजे. साध्या विणीत धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जातो आणि बाण्याचा एकच धागा सगळी रुंदी ओलांडतो. पैठणीच्या पदरात तसे होत नाही. तेथे जरीच्या भूमीवर रेशमाचा मोर, कमळ किंवा मुनिया काढायची असते, आणि प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या लहानशा तिल्लीवर गुंडाळलेला असतो. मोराच्या मानेचा निळा धागा मानेपुरताच जातो. तेथे शेजारच्या जरीच्या धाग्यात त्याला अडकवायचे, परत फिरवायचे, आणि पुढची तिल्ली उचलायची. एका ओळीत अशा कितीतरी तिल्ल्या. ओळ पुरी झाली की फणी ठोकायची, की पुन्हा तेच. साध्या काठपदराच्या साडीलाही काही आठवडे लागतात. भरगच्च पदर असेल तर महिनेच्या महिने जातात.

या खटाटोपाचा परिणाम असा, की पदर उलटा केला तरी मोर तोच दिसतो. मागे लोंबणारे धागे नसतात, कारण कोणताही धागा आपले काम सोडून दुसरीकडे गेलेलाच नसतो. जॅकार्डच्या यंत्रावर विणलेल्या पदरात रंगाचे धागे नक्षीच्या मागून मोकळे धावतात. ते तसेच राहतात, किंवा कातरून टाकतात आणि उलट बाजूला कुसे दिसतात. येवल्यातही काठाला जॅकार्ड लावून पदर हाताने विणण्याची चाल आहे. अशा साडीला खोटी म्हणणे अन्यायाचे होईल. ती जी आहे ती सांगून विकली म्हणजे झाले. येवले हे पैठणीचे दुसरे माहेर. रघोजी नाईकांनी सतराव्या शतकात तेथे विणकर आणून वसवले असे परंपरेने सांगतात, आणि पैठणचे माग मंदावले तेव्हा ही कला प्रामुख्याने येवल्याने जगवली.

आता नकलेकडे वळू. नकलेचाही एक इतिहास आहे, आणि तो मोठा शिस्तशीर आहे. लंडनच्या इंडिया म्युझियमचा प्रमुख जॉन फोर्ब्स वॉटसन याने 1866 साली हिंदुस्थानी कापडाचे नमुने ग्रंथरूपाने बांधले. खरे कापड कापून, पानांवर चिकटवून अठरा खंडांत 700 नमुने! असे वीस संच केले. त्यांतले तेरा ब्रिटनमध्ये ठेवले आणि सात हिंदुस्थानात पाठवले. हेतू उघड होता. मँचेस्टरच्या गिरणीवाल्याने पाने उलटावीत आणि इकडच्या बायका-पुरुषांना काय आवडते, काठ किती रुंद लागतो, हे घरबसल्या शिकावे. आमच्या कापडाची पहिली मोठी नमुनावही ही अशी निघाली. कापड विकण्यासाठी नव्हे, त्याची नक्कल करता यावी म्हणून! आजही विणकराने नव्या पदराचे चित्र ऑनलाइन टाकले, की ती नक्षी यंत्रमागावर उतरायला वेळ लागत नाही, आणि त्यासाठी अठरा खंड बांधावे लागत नाहीत.

पुढे 1877 साली टपाल खात्याने व्ही. पी.ची सोय केली. पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवावेत आणि मग पुडके फोडावे. आजच्या ‘घरपोच आल्यावर पैसे द्या’ या व्यवहाराची ही आजीच म्हणायची. आजीचा दोषही नातीत उतरला आहे: पैसे आधी जातात, घडी नंतर उलगडते. तरी व्ही. पी.च्या पुडक्यावर धाडणाऱ्याचे नाव-गाव असे. आज एकाच चित्राखाली दहा दुकाने तीच साडी दहा किमतींना विकतात, आणि ते चित्र कोणाच्या मागावरच्या साडीचे, हे त्या दहांपैकी नवांना माहीत नसते.

एक दुःखाची गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. पूर्वीच्या पैठण्यांत जर खरी असे, म्हणजे चांदीची तार रेशमावर गुंडाळून तिला सोन्याचे पाणी दिलेले असे. त्यामुळे पैठणी फाटली की ती जाळून चांदी काढीत. पणजीची चंद्रकळा, आजीचा राघू किंवा शिरोदक अशा रीतीने किती घरांतून वितळून गेला याची गणती नाही. हे घडले नसते तर घरोघरच्या पेटीत खरेपणाचा एकेक नमुना राहिला असता आणि मुलीबाळींचे डोळे तयार झाले असते. आता बहुतेक हातमागाच्या साड्यांतही जर शुद्ध चांदीची नसते. तेव्हा ‘खरी जर’ हे शब्द दिसले की किंमत पाहावी आणि पावतीवर तसे लिहून मागावे.

सरकारने शिक्के पुष्कळ काढले आहेत. पण कोणता शिक्का काय सांगतो हे सांगण्याचे कष्ट दुकानदार सहसा घेत नाही. 2004 साली आलेला सिल्क मार्क रेशीम शुद्ध असल्याचे सांगतो. ते कोणत्या मागावर विणले याबद्दल तो गप्प असतो. 2006 चा हँडलूम मार्क माग हाताचा असल्याचे सांगतो, परंतु गाव सांगत नाही. 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. ते गावाचे आणि पद्धतीचे नाव राखते. म्हणून केवळ सिल्क मार्क दाखवून कोणी ‘हातमागाची अस्सल पैठणी’ म्हणू लागला, तर त्याने खोटे सांगितले नसेलही, पण पुरावा दिलेला नाही. साडीसह अकरा प्रकारांचे ठरावीक कापड हातमागासाठी राखून ठेवणारा 1985 चा कायदाही आहे. तो आहे, आणि यंत्रमागाच्या ‘पैठण्या’ही आहेत.

शिक्क्यापेक्षा अंकगणित बरे. दोन हजारांना अस्सल पैठणी देतो असे कोणी म्हणाले, तर तीन आठवड्यांचे एकवीस दिवस धरून भागून पाहावे. दिवसाला शंभर रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि त्यातच रेशीम, जर, रंगारी, दुकानदार नि खोके पोचवणारा मुलगा! एवढ्यात माणूस मागावर बसू शकत नाही, आणि बसला असेल तर ती साडी नेसवणार नाही. 2009-10 च्या गणनेत देशात हातमागावर काम करणारे 43.31 लाख होते, ते 2019-20 मध्ये 35.22 लाखांवर आले. उठून गेलेल्यांच्या मागावर नकलेचेही थोडेबहुत ओझे होते, असे माझे मत आहे.

साडी हाती आल्यावर टोकाचा एक धागा काढून जाळून पाहता येतो. रेशीम केस जळल्यासारखा वास देते आणि त्याची राख चुरगळते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनते. पण तोवर पैसे गेलेले असतात. त्याआधी करण्यासारखी गोष्ट सोपी आहे: पदराच्या उलट बाजूचे चित्र मागावे. दुकानांच्या चित्रांत साडी कितीही वळवलेली असली, तरी हीच बाजू नेमकी नसते. येवल्यातले काही विणकर आता मागावरची अर्धी विणलेली साडीच व्हिडिओवर दाखवतात. पुण्याची किंवा परदेशातली बाई रंग सांगते, विणकर मुदत सांगतो, आणि साडी महिन्या-दोन महिन्यांनी येते. तुमच्या पसंतीच्या रंगात भरगच्च पदर विणून आठ दिवसांत पाठवतो, असे म्हणणारा कोणी भेटला, तर त्याच्याकडे मात्र ती उलट बाजू दोनदा मागावी.