भावनिक श्रम म्हणजे काय? केईएमच्या परिचारिकांचं उदाहरण काय सांगतं?

नोकरीचा भाग म्हणून स्वतःच्या भावना आवरणं किंवा ठरावीक भावना दाखवणं, याला 'भावनिक श्रम' म्हणतात. कामाच्या ठिकाणच्या भावनांचा अभ्यास करताना ही संकल्पना मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

संकल्पना कुठून आली?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये 'द मॅनेज्ड हार्ट' या पुस्तकात ती मांडली. त्यांनी हवाई सुंदरी आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी यांचा अभ्यास केला. एकीला प्रवाशासमोर हसायचं असतं, तर दुसऱ्याला कर्जदाराला दरडावायचं असतं. मनात राग असताना हसणं हा वरवरचा अभिनय. तीच भावना मनात जागवणं हा खोल अभिनय. सततच्या वरवरच्या अभिनयाने मानसिक थकवा वाढतो, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं.

सगळाच अभिनय असतो का?

परळच्या केईएम रुग्णालयाचं उदाहरण वेगळं आहे. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला. मेंदूला गंभीर इजा झाल्याने त्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचं निधन झालं. तोवर, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवलं, स्वच्छ ठेवलं. त्यातल्या अनेकींनी अरुणा यांना धडधाकट असताना पाहिलंही नव्हतं.

लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणा यांना भरवणं थांबवावं, अशी याचिका केली होती. रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनी तिला विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणी यांना नव्हे, तर वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

यातून काय कळतं?

कामातली प्रत्येक भावना मालकाच्या हुकमाने येत नाही. ब्रिटिश अभ्यासक शॅरन बोल्टन यांनी हाच मुद्दा मांडला: काही भावना कर्मचारी स्वखुशीने, भेट म्हणून देतात. मात्र परिचारिकेची पाळी आणि पगार कागदावर येतो. रुग्ण दगावल्यानंतर पुढच्या खाटेकडे शांत चेहऱ्याने जाणं कुठल्याच नोंदवहीत येत नाही. माया स्वखुशीची असली, तरी तिचा शीण खराच असतो.