पाटण्याचा शहामृग : २५,००० वर्षांपूर्वीच्या एका कवचाची साक्ष

१/ पारोळ्याचा इतिहास म्हटला की भुईकोट किल्ला आठवतो. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी तो १७२७ मध्ये बांधला असे मानले जाते; म्हणजे त्याचे वय सुमारे तीनशे वर्षे. याच जळगाव जिल्ह्यात, पारोळ्याच्या दक्षिणेस चाळीसगाव तालुक्यात, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची एक कोरीव वस्तू सापडली आहे : शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक लहानसा तुकडा.

२/ स्थळ पाटणे. सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याचा हा परिसर पाटणादेवीमुळे आणि भास्कराचार्यांच्या परंपरेशी निगडित शिलालेखामुळे अनेकांना परिचित आहे. १९७२-७३ च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी येथे उत्खनन केले. मध्य पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतचे थर त्यांना एकाच ठिकाणी मिळाले.

३/ उत्तर पुराश्मयुगाच्या थरात दगडी हत्यारांबरोबर कवचाचे मणी आणि तो कोरीव तुकडा आढळला. तुकड्यावर समांतर रेषांच्या मर्यादेत परस्परांना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी आहे. येथील शहामृगाच्या कवचाचे रेडिओकार्बन कालमापन सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे आले.

४/ पण खानदेशात शहामृग? आज हा पक्षी रानटी अवस्थेत केवळ आफ्रिकेत उरला आहे. मात्र हिमयुगाच्या उत्तरार्धात भारताच्या अनेक भागांत कोरडे हवामान आणि मोकळी गवताळ मैदाने होती. मध्य प्रदेश, राजस्थान आणि महाराष्ट्रात मिळालेली कवचे त्या काळातील शहामृगाच्या वावराची साक्ष देतात.

५/ ही साक्ष पुढे प्रयोगशाळेतही तपासली गेली. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीसह काही संस्थांच्या संशोधकांनी राजस्थान व मध्य प्रदेशातील कवचांमधून प्राचीन डीएनए मिळवल्याचे प्रसिद्ध केले. त्याचे आफ्रिकेतील शहामृगाशी जवळचे नाते दिसून आले. इतक्या उष्ण प्रदेशात डीएनए सहसा टिकत नाही. जाड, खनिजमय कवचाने तो जपून ठेवला.

६/ माणसाला या अंड्याचे आकर्षण का वाटले असावे? एका अंड्यात सुमारे दोन डझन कोंबडीच्या अंड्यांइतके अन्न असते. रिकामे कवच पाणी साठवायला उपयोगी पडते. कालाहारीतील सान लोक त्याचा तसा वापर करत आले आहेत. फुटलेल्या तुकड्यांना भोक पाडून, ते दोऱ्यात ओवून आणि दगडावर कडा घासून मणी बनवता येतात. अन्न, भांडे आणि दागिना, तिन्ही एकाच वस्तूतून!

७/ भोपाळजवळील भीमबेटका येथे एका प्राचीन मानवी दफनात गळ्यापाशी असे मणी आढळले. दक्षिण आफ्रिकेतील डीपक्लूफ येथे तर सुमारे ६०,००० वर्षांपूर्वीचे, समांतर आणि आडव्या-उभ्या रेषा कोरलेले अडीचशेहून अधिक तुकडे मिळाले. पाटण्याच्या नक्षीशी त्यांचे थेट नाते सांगता येत नाही. परंतु एकाच पदार्थावर रेषा कोरण्याची प्रेरणा किती दूरदूर आढळते, हे त्यावरून कळते.

८/ आता खरा प्रश्न. रेषा दिसली म्हणजे ती माणसानेच कोरली असे ठरते का? भारतातील असे अनेक ‘कोरीव’ तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर शैलकलेचे अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक यांनी बहुतेक रेषा नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष काढला. मातीत पडलेल्या कवचाला बारीक मुळे चिकटतात, त्यांच्या लगतची आम्लक्रिया चुनखडीमय पृष्ठभाग खात जाते आणि नक्षीचा भास निर्माण करणाऱ्या खाचा उरतात.

९/ या कसोटीवर उतरला तो पाटण्याचा तुकडा. मुळाची खाच वेडीवाकडी फिरते. हत्याराची रेषा दिशा राखते, दुसऱ्या रेषेला ठरवून छेदते आणि आखलेल्या मर्यादेपाशी थांबते. बाकीचे दावे गळाल्यामुळे या एका तुकड्याचे मोल वाढले. संशयाने इतिहास दरिद्री होत नाही, तो भक्कम होतो.

१०/ तरीही मर्यादा ओळखावी. कालमापनातून पक्षी केव्हा जगला ते कळते. रेषा केव्हा कोरल्या ते कळत नाही. त्यासाठी तुकडा कोणत्या थरात, कोणत्या हत्यारांसोबत होता हे पाहावे लागते. आणि ही जाळी लिपी नव्हे. तिचा अर्थ सांगणारा कोणताही पुरावा हाती नसताना तिच्यावर ‘सर्वांत प्राचीन लेखन’ अशी चिठ्ठी चिकटवणे हा इतिहासावर अन्याय आहे.

११/ प्राण्यांची कला म्हटली की फ्रान्समधील शोवे गुहेतले सिंह आणि गेंडे आठवतात. ती चित्रे ३०,००० वर्षांहूनही जुनी. पाटण्याच्या तुकड्यावर पक्ष्याची आकृती नाही, तरी तोही प्राण्याच्या कलेतील स्थानाचाच पुरावा आहे. येथे पक्ष्याच्या अंड्याचे कवचच फलक झाले, आणि त्याचेच मणी माणसाने अंगावर मिरवले.

१२/ पुढे शहामृग या भूमीतून नाहीसा झाला. खानदेशच्या लोकजीवनात आज पोळ्याचा बैल आहे, शहामृगाची आठवणही नाही. ती जपली मातीच्या थरांनी. म्हणून नाल्याच्या कडेला किंवा शेतात जुना मणी, पाते किंवा कवच दिसले तर उचलून खिशात घालू नये. जागेचे छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. थरातून सुटलेला तुकडा सुंदर राहतो, पण त्याचा काळ सांगणारा साक्षीदार मात्र हरवतो.